फोटोंची माहिती फोटोसोबतच राहू द्या : फोटो लावणे, निवडणे, सुधारणे आणि त्यासाठीची सॉफ्टवेअर

टेकडीवरून (धागाकर्ता)

विसर्जनाच्या एका रात्रीत आठशे फोटो सहज होतात. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आणि फाइल रॉ (कॅमेऱ्याने जशीच्या तशी नोंदलेली, जेपीजी न केलेली) असेल तर एक फोटो साधारण २५ ते ३० एमबीचा, म्हणजे त्या रात्रीचे २० ते २४ जीबी. पालखी, सिंहगड, भिगवणचे रोहित पक्षी, घरातली लग्नं धरली की दोन-तीन वर्षांत डिस्क भरते आणि मग प्रश्न येतो, ‘कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?’

माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही फोटोला नाव, टॅग, तारे दिलेत, उजेड वाढवलात, कडा कापल्यात, तर ते सगळं लिहिलं कुठे जातं? जागा तीनच. एक, फोटोच्या फाइलमध्ये. दोन, फाइलशेजारी राहणाऱ्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये, जिला साइडकार म्हणतात. तीन, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये. पहिल्या दोन ठिकाणी लिहिलेलं सॉफ्टवेअर बदललं तरी तुमच्याकडे राहतं. तिसऱ्या ठिकाणचं त्या सॉफ्टवेअरसोबत जातं. पिकासाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. गूगलने २००४ मध्ये ते विकत घेतलं, घराघरांत ते वापरलं गेलं आणि मार्च २०१६ मध्ये बंद झालं. पिकासात लावलेले अल्बम आजही कित्येकांना दुसरीकडे दिसत नाहीत.

आता प्रकार पाहू. लाइटरूम क्लासिक, डिजिकॅम आणि डार्कटेबल ही कॅटलॉगवाली सॉफ्टवेअर. यांत ‘इम्पोर्ट’ केलं म्हणजे फोटो सॉफ्टवेअरच्या आत गेले असं नाही. फोटो डिस्कवर आपल्या फोल्डरमध्येच असतात, कॅटलॉगमध्ये फक्त त्यांचा पत्ता आणि माहिती असते. म्हणून विंडोज एक्सप्लोररमधून फोल्डर हलवलं किंवा त्याचं नाव बदललं की लाइटरूममध्ये फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसतं. तिथे राइट क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ने नवी जागा दाखवली की काम भागतं. ‘रिमूव्ह करून पुन्हा इम्पोर्ट’ मात्र कधीच करू नका. त्यात केवळ कॅटलॉगमध्ये असलेलं सगळं काम पुसलं जातं.

फोटोशॉप आणि गिम्प हा दुसरा प्रकार. ही थेट पिक्सेलवर काम करतात. पाठीमागची वायर काढणे, दोन फोटो जोडणे, फाटलेला जुना फोटो भरून काढणे ही त्यांची कामं. आठशे फोटोंतून साठ निवडायला ती उघडू नयेत.

कामाचा क्रम असा ठेवा: कार्डावरून कॉपी, मग नाव बदलणं, वेळ दुरुस्त करणं, निवड, टॅग, मग एडिट, शेवटी एक्सपोर्ट. कार्डावरून ‘कट’ करू नका, कॉपीच करा, आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. नाव बदलायचं कारण असं की कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. त्यामुळे एकाच नावाचे दोन वेगळे फोटो तयार होतात आणि एक दुसऱ्यावर बसतो. नावात तारीख, वेळ आणि शेवटी मूळ क्रमांक ठेवा. फोल्डरला ‘२०२४-०९-१७ कसबा विसर्जन’ असं नाव द्या: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते. हे आकडे संगणकावर इंग्रजी अंकांतच टंका. काही नावांत देवनागरी आणि काहींत इंग्रजी अंक असले तर यादीचे दोन तुकडे पडतात.

मेधा_कर्वेनगर

धागा फार उपयोगी आहे. वेळ दुरुस्त करण्याबद्दल थोडी भर घालते.

मिरवणुकीला दोन कॅमेरे असतील तर त्यांची घड्याळं जुळत नाहीत. सुरुवातीला दोन्ही कॅमेऱ्यांतून एकाच फोनच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एकेक फोटो घ्यायचा. घरी आल्यावर त्या फोटोतली दिसणारी वेळ आणि फाइलमधली वेळ यांची वजाबाकी केली की प्रत्येक कॅमेरा किती पुढे किंवा मागे आहे ते सेकंदापर्यंत कळतं. मग त्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो निवडून तेवढा फरक एकदम लावायचा. लाइटरूममध्ये मेटाडेटा मेनूत ‘एडिट कॅप्चर टाइम’ आहे, डिजिकॅममध्ये आयटम मेनूत ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’. हे काम नाव बदलण्याच्या आधीच करायला हवं, नाहीतर नावात चुकीची वेळ बसते. धाग्यातला क्रम तेवढा उलटा करा.

सगळे फोटो बरोब्बर साडेतीन तास पुढे दिसत असतील तर कॅमेरा जपानच्या वेळेवर आहे. बरोब्बर साडेपाच तास मागे असतील तर कुठेतरी ग्रिनिच वेळ घेतली गेली आहे.

टेकडीवरून

मेधाताई, बरोबर. आधी वेळ, मग नाव. धाग्यात दुरुस्ती करतो.

शनिवारपेठ_३०

पिकासाबद्दल विचारायचं होतं. जुन्या संगणकावर पिकासा अजून चालतंय. त्यात कापलेले, उजेड वाढवलेले फोटो दुसऱ्या संगणकावर कॉपी केले की मूळ, न सुधारलेले दिसतात. चेहऱ्यांची नावंही जातात. काय करता येईल?

निळा_फिल्टर

पिकासातली सुधारणा ‘सेव्ह’ दाबेपर्यंत फोटोत लिहिलीच जात नाही. ती प्रत्येक फोल्डरमधल्या ‘डॉट पिकासा डॉट आयएनआय’ नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये नोंदलेली असते. नुसता फोटो कॉपी केला तर मूळच येणार.

जुना संगणक चालू आहे तोवर पुढचं करून घ्या. आधी सगळ्या फोटो-फोल्डरांची जशीच्या तशी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. लपलेल्या फाइलीही हव्यात, म्हणून एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटम्स’वर टिक करून खात्री करा. मग पिकासात एकेका फोल्डरवर ‘सेव्ह’ द्या. आता सुधारलेला फोटो मूळ नावाने राहतो आणि मूळ फोटो ‘डॉट पिकासाओरिजिनल्स’ या लपलेल्या फोल्डरात जातो. हे फोल्डर काहीतरी कचरा समजून पुसलं जातं, आणि त्याबरोबर तुमचे खरे मूळ फोटो जातात. ते जपा.

चेहऱ्यांसाठी टूल्स > ऑप्शन्स > नेम टॅग्जमध्ये नावं फोटोत साठवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. नावं फोटोत उतरली की चेहऱ्याच्या चौकटीसकट ती डिजिकॅमला वाचता येतात. कॅप्शन आणि टॅग पिकासा जेपीजीमध्ये लिहीतच असे, त्यामुळे ते सहसा सुखरूप असतात. अल्बमचं मात्र तसं नाही. प्रत्येक अल्बम निवडून त्यातल्या सगळ्या फोटोंना अल्बमच्या नावाचा टॅग द्या. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तो टॅग शोधला की अल्बम परत मिळाला.

सह्यकडा

मला डिजिकॅमबद्दल लिहायचं आहे, कारण धाग्याचं म्हणणं त्यात आपोआप पाळलं जाईल असं धरून चालू नये. कुठली माहिती फोटोत उतरते हे सेटिंगवर ठरतं आणि तिथे टिक नसेल तर ती फक्त डेटाबेसमध्ये राहते.

सेटिंग्ज > कॉन्फिगर डिजिकॅम > मेटाडेटा इथे जा. टॅग, कॅप्शन, तारे आणि चेहऱ्यांचे टॅग या चारही गोष्टींसमोर टिक हवी. शेजारच्या साइडकारच्या टॅबमध्ये लिहिणं आणि वाचणं दोन्ही चालू करा. जेपीजीसाठी माहिती फाइलमध्ये आणि रॉसाठी साइडकारमध्ये हे सगळ्यात सुरक्षित, कारण रॉ फाइलच्या आत कुणाही बाहेरच्या सॉफ्टवेअरने लिहू नये. आधी लावलेल्या टॅगांना हे लागू होण्यासाठी टूल्स > मेंटेनन्समधून मेटाडेटा आणि डेटाबेस जुळवून घ्यावे लागतात. तिथे दिशा नीट पाहा: डेटाबेसकडून फाइलकडे. उलटी दिशा निवडली तर फाइलमधली रिकामी माहिती डेटाबेसवर बसेल.

साइडकारच्या नावाची एक अडचण सांगून ठेवतो. डिजिकॅम आणि डार्कटेबल फोटोच्या पूर्ण नावापुढे एक्सएमपी जोडतात, म्हणजे ‘कसबा०१ डॉट एनईएफ डॉट एक्सएमपी’ (एनईएफ ही निकॉनची रॉ फाइल). लाइटरूम मधलं एनईएफ काढून ‘कसबा०१ डॉट एक्सएमपी’ करतं. त्यामुळे दोघांना एकमेकांच्या साइडकार सहज सापडत नाहीत. डिजिकॅममध्ये लाइटरूमसारखं नाव वापरण्याचा पर्याय आहे. दोन्ही वापरणार असाल तर सुरुवातीलाच तो निवडा.

आणि चाचणी करून बघाच. एका फोटोला टॅग, कॅप्शन, चार तारे द्या. ती फाइल आणि साइडकार पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तिथे दिसलं तरच ते फोटोसोबत आहे.

शनिवारपेठ_३०

धन्यवाद, पिकासाचं सेव्हचं काम सुरू करतो. लाइटरूममध्ये हे कसं?

निळा_फिल्टर

एडिट > कॅटलॉग सेटिंग्ज > मेटाडेटामध्ये ‘ऑटोमॅटिकली राइट चेंजेस इंटू एक्सएमपी’वर टिक. जुन्या फोटोंसाठी सगळे निवडून कंट्रोल-एस. तरी तीन गोष्टी एक्सएमपीत जात नाहीत: कलेक्शन, व्हर्च्युअल कॉपी आणि एडिटचा पायरीपायरीचा इतिहास. म्हणून महत्त्वाच्या कलेक्शनला त्याच नावाचा टॅगही द्यावा. निवडीसाठी झेंड्यांऐवजी तारे वापरा. झेंडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातीलच असं नाही, तारे सगळ्यांना कळतात.

उजेड, रंग वगैरे सुधारणा एक्सएमपीत लिहिल्या जातात खऱ्या, पण त्या भाषेत लिहिलेलं अडोबीचंच सॉफ्टवेअर पुरतं समजतं. डार्कटेबल त्यातलं थोडंसं घेतं. म्हणून आवडत्या निवडक फोटोंची पूर्ण आकाराची जेपीजी किंवा १६ बिट टिफ एक्सपोर्ट करून मूळ रॉशेजारी ठेवावी. वर्गणी थांबवली तर लाइटरूम क्लासिक उघडतं, फोटो बघता येतात, एक्सपोर्ट करता येतात, पण डेव्हलप आणि मॅप बंद होतात. टॅग आणि तारे अडकून पडत नाहीत, हे समजून मगच पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.

अक्षरओळख

टॅगांबद्दल सगळे बोलताय, पण टॅग मराठीत लिहायचे असतील तर काही गोष्टी वेगळ्या होतात. मराठीतच लिहावेत असं मला मनापासून वाटतं. आजीच्या फोटोवर ‘मंगळागौर’ असं लिहिलेलं पुढच्या पिढीला मिळायला हवं. फक्त ते तुटू नये म्हणून काळजी घ्या.

टॅग दोन ठिकाणी लिहिले जातात, जुन्या आयपीटीसी विभागात आणि नव्या एक्सएमपीत. जुन्या विभागात एका कीवर्डला ६४ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षरचिन्हाला, काना-मात्रा-वेलांटी आणि हलन्तासकट, तीन बाइट. म्हणजे सगळी मिळून २१ चिन्हं. ‘तांबडी जोगेश्वरी विसर्जन मिरवणूक’ यात बसत नाही. ते मधेच कापलं जातं, आणि अक्षराच्या तीन बाइटांच्या मध्ये कात्री लागली तर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. उपाय सोपा आहे, टॅग छोटे आणि उतरंडीत ठेवा: ‘गणेशोत्सव’च्या खाली ‘मानाचे गणपती’, त्याखाली ‘कसबा’, ‘तांबडी जोगेश्वरी’, ‘गुरुजी तालीम’, ‘तुळशीबाग’, ‘केसरीवाडा’. ‘विसर्जन’ हा वेगळा टॅग. लांब वाक्य कॅप्शनमध्ये लिहा. एक्सएमपीला ही मर्यादा नाही.

जुन्या विभागात मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडच्या नेहमीच्या तक्त्यात, आहे अशी खूण नसेल तर मराठी टॅग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अगम्य चिन्हांसारखे दिसतात. फाइल बिघडलेली नसते, वाचणारा चुकीच्या तक्त्याने वाचत असतो. एक्झिफटूल या मोफत साधनाने ती खूण नंतरही बसवता येते.

तिसरी गोष्ट शोधण्याची, आणि ती सहज लक्षात येत नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये आलं. त्याआधीचे लोक आणि आजचेही काही कीबोर्ड ‘अ’ला वरची चंद्रकोर जोडतात. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘पायऱ्या’मधला आडवा र तसाच, दोन प्रकारे टंकता येतो. त्यामुळे फोनवर लिहिलेला टॅग आणि संगणकावर लिहिलेला टॅग दोन वेगळे टॅग होतात आणि निम्मे फोटो शोधात येत नाहीत. म्हणून टॅग दरवेळी नव्याने टंकू नका, सॉफ्टवेअरच्या यादीतूनच निवडा. यादीत एकच टॅग दोनदा दिसला तर तो याच प्रकारचा आहे. एकावर दुसरा ओढून टाकून एकत्र करा.

फाइलनावांतही मराठी चालतं. लिनक्सवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे ८५ देवनागरी चिन्हं. विंडोजवर पूर्ण पत्त्याला जुन्या सॉफ्टवेअरमध्ये २६० अक्षरांची मर्यादा येते, त्यामुळे फोल्डरात फोल्डर किती करायचे ते जपून.

टेकडीवरून

अक्षरओळख, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोडीचा आहे. ६४ बाइटांचं गणित मराठीत कुठे लिहिलेलं सापडत नाही.

कॅमेरा_डेक्कन

आता एडिटकडे येऊ का? विसर्जनाच्या फोटोंत गुलाल नेहमी एकसारखा गुलाबी डाग होऊन दिसतो. चेहऱ्यावरचे, कपड्यांवरचे तपशील जातात. सॉफ्टवेअरमध्ये कितीही ‘हायलाइट्स’ कमी केले तरी परत येत नाहीत. का?

दिवेलागण

कारण तिथे लाल रंगाचा एकटा चॅनेल फुटलेला असतो, म्हणजे लालची नोंद कमाल मर्यादेला जाऊन तपशील हरवलेला असतो. कॅमेऱ्याचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांची सरासरी दाखवतो, तो ठीक दिसतो, पण लाल केव्हाच उजव्या भिंतीला लागलेला असतो. गुलाल आणि मंडळांच्या निळ्या-जांभळ्या एलईडी दिव्यांना हे हमखास होतं. फोटो काढतानाच कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि लाल चॅनेल पाहून उजेड दोन तृतीयांश ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). अंधार नंतर उजळता येतो, फुटलेला चॅनेल परत भरता येत नाही.

फोटो जेपीजीत असेल तर खरंच फारसं हाती राहत नाही. जेपीजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिट रॉमध्ये १६,३८४. रॉ असेल तर पुष्कळदा तो चॅनेल रॉमध्ये शाबूत असतो आणि फुटतो तो पांढरा तोल (व्हाइट बॅलन्स) लावल्यावर किंवा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यात बसवताना. अशा वेळी क्रम महत्त्वाचा. डार्कटेबलमध्ये आधी ‘एक्सपोजर’ने मधला उजेड बसवा, म्हणजे चेहरा बरोबर दिसेल एवढाच. मग ‘कलर कॅलिब्रेशन’ने पांढरा तोल. मग ‘सिग्मॉइड’ किंवा ‘फिल्मिक’, जे उजळ भाग हळूहळू दाबतं. हे झाल्यावरही गुलाल डागासारखा दिसला तर फक्त लाल-गुलाबी भागाचा गडदपणा थोडा कमी करा. पूर्ण फोटोचा नाही, नाहीतर मूर्तीचं सोनंही फिकं पडतं. लाइटरूममध्ये हेच काम कलर मिक्सरमध्ये लाल आणि मजेंटाचं सॅच्युरेशन उतरवून होतं. लगेच पोत दिसायला लागतो.

पांढरा तोल तिथे एकाच आकड्याने जमत नाही. समई-मशालींचा पिवळा उजेड आणि ट्रकवरचे निळे दिवे एकत्र असतात. चेहऱ्यांसाठी तोल बसवा आणि मागच्या निळ्या भागाला वेगळा मास्क लावून थोडा आवरा. पूर्ण निळा काढू नका, ती रात्र तशीच दिसत होती.

नॉइज कमी करणं आणि धार देणं नेहमी १०० टक्के आकारात बघून. पडद्यावर बसवलेल्या छोट्या चित्रावर धार वाढवली की छापल्यावर केस तारेसारखे दिसतात.

मेधा_कर्वेनगर

जेपीजीच एडिट करायची असेल तर एक नियम: पुन:पुन्हा त्याच फाइलवर सेव्ह करू नका. जेपीजी ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत माहिती टाकून देते. उघडून बदलून सेव्ह केलं की पुन्हा थोडी जाते, आणि आकाशात आधी चौकोन दिसायला लागतात. गिम्पमध्ये काम चालू असेपर्यंत त्याची स्वतःची एक्ससीएफ फाइल ठेवा, शेवटी एकदाच ९० ते ९२ गुणवत्तेवर जेपीजी एक्सपोर्ट करा. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० मध्ये फिल्टर लेयरवर बदलते ठेवता येतात, पण तेही एक्ससीएफमध्येच टिकतं.

स्पर्धक_हडपसर

छापण्याबद्दल कुणी सांगेल का? लॅबमधून फोटो काळपट येतात आणि डोकी कापली जातात.

दिवेलागण

काळपट येण्याचं कारण बहुतेक वेळा पडदा आहे, लॅब नाही. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजेडावर असताना एडिट केलं की तुम्ही फोटो नकळत गडद ठेवता. कागद स्वतः उजळत नाही, खोलीतल्या प्रकाशावर दिसतो. पडद्याजवळ कोरा पांढरा कागद धरा आणि पडद्यावरचं पांढरं त्याच्याइतकंच दिसेपर्यंत उजेड कमी करा. मोजायचं यंत्र असेल तर ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर.

डोकी कापण्याचं कारण प्रमाण. फोन ४:३ मध्ये फोटो घेतो, ४ बाय ६ चा कागद ३:२ आहे. आडव्या फोटोची पूर्ण रुंदी बसवली तर उंचीतला नववा भाग, सुमारे ११ टक्के, कापला जातो. लॅबवर सोडू नका, एक्सपोर्टच्या आधी स्वतः ३:२ मध्ये क्रॉप करा. ४ बाय ६ साठी १२०० बाय १८०० पिक्सेल, ८ बाय १२ साठी २४०० बाय ३६००, म्हणजे इंचाला ३००. रंग एसआरजीबीतच द्या. अडोबी आरजीबीत दिलेली फाइल ज्या यंत्रावर एसआरजीबी धरून छापली जाते तिथे चेहरे फिके, मरगळलेले येतात. लग्नाच्या १२ बाय ३६ च्या पानाला ३६०० बाय १०,८०० पिक्सेल, आणि मधल्या घडीवर कुणाचाही चेहरा येऊ देऊ नका.

पाषाणकाठ

गूगल फोटोजमधून सगळे फोटो खाली उतरवले, गूगलच्या टेकआउट या सोयीने. प्रत्येक फोटोसोबत एक जेसन (माहितीची छोटी मजकूर) फाइल आली आहे आणि बरेच फोटो आजच्या तारखेचे दिसतात. काय चुकलं?

सह्यकडा

काही चुकलं नाही, टेकआउट असंच देतं. कॅमेऱ्याने फोटोत लिहिलेली तारीख तिथेच असते, पण गूगल फोटोजमध्ये तुम्ही बदललेली तारीख, वर्णन, जागा हे जेसनमध्ये येतं. ‘आजची तारीख’ दिसते ती फाइल डिस्कवर लिहिल्याची. एक्सप्लोररमध्ये ‘डेट मॉडिफाइड’ऐवजी ‘डेट टेकन’ हा स्तंभ लावून पाहा, निम्मे फोटो तिथेच सुटतील.

उरलेल्यांसाठी एक्झिफटूलने जेसनमधली वेळ फोटोत लिहिता येते. पण जेसनमधली वेळ ग्रिनिचची असते. साडेपाच तास मिळवले नाहीत तर पहाटे साडेपाचच्या आधीचे फोटो आदल्या दिवशी जातात. विसर्जनाची मध्यरात्र ओलांडलेली मिरवणूक चतुर्दशीच्या संध्याकाळी जाऊन बसते. आधी दहा फोटोंवर करून बघा, मग सगळ्यांवर.

अल्बममध्ये असलेला फोटो वर्षाच्या फोल्डरात आणि अल्बमच्या फोल्डरात असा दोनदा येऊ शकतो. ते नकोसे वाटले तर आधी तंतोतंत सारख्या फाइली शोधा, तिथे चूक होत नाही. मग डिजिकॅमचं ‘फाइंड डुप्लिकेट्स’ वापरून दिसायला सारखे शोधा, आणि ते डोळ्यांनी बघूनच काढा. सलग काढलेले पाच फोटोही त्याला सारखेच वाटतात.

व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत आणि मूळ यांत मूळ ओळखणं सोपं आहे. साध्या पद्धतीने पाठवलेल्या प्रतीची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची असते आणि तिच्यात कॅमेऱ्याची माहिती नसते. नावातली तारीख काढल्याची नाही, पाठवल्याची. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं सांगा. मग फाइल जशीच्या तशी येते, तारखेसकट.

पाषाणकाठ

साडेपाच तासांचं लक्षातच आलं नसतं. आभार.

निळा_फिल्टर

बॅकअपबद्दल थोडक्यात, कारण नियम सगळ्यांना माहीत आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. चुकतं कुठे ते सांगतो. लाइटरूम बंद करताना जो ‘बॅकअप’ विचारतं तो फक्त कॅटलॉगचा असतो, त्यात एकही फोटो नसतो. डिजिकॅमचा डेटाबेस आणि डार्कटेबलचं लायब्ररी फोल्डर संगणकाच्या आतल्या डिस्कवर ठेवा. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरात चालू डेटाबेस ठेवला तर अर्धवट लिहिलेली फाइल वर जाते आणि तीच परत खाली येते. बाहेरच्या डिस्कची वायर ‘इजेक्ट’ न करता ओढू नका, वीज गेली तरी हाच धोका, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस हवा.

घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच हवा असं नाही. कोथरूडमध्ये राहणाऱ्याने दुसरी डिस्क हडपसरच्या बहिणीकडे ठेवून दर तीन महिन्यांनी अदलाबदल केली तरी चालतं. २०० जीबी वर चढवायला ५० एमबीपीएसच्या अपलोडला सलग नऊ तास लागतात, आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांना अपलोड तेवढा नसतो. दरवेळी बॅकअपमधले पाच फोटो उघडून पाहा, त्यातला एक रॉ असू द्या आणि त्याची साइडकार सोबत आली आहे का तेही बघा.

स्पर्धक_हडपसर

शेवटचं विचारते. घरी १९७०-८० च्या दशकातले छापील फोटो आहेत, कागद दाणेदार. स्कॅन करून यातच लावायचे आहेत. तारीख माहीत नाही.

मेधा_कर्वेनगर

साध्या छापील फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. ४ बाय ६ चा फोटो २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो. कृष्णधवल फोटोही रंगीत म्हणूनच स्कॅन करा, डाग आणि पिवळेपणा वेगळ्या चॅनेलमध्ये सापडतो आणि तिथून काढता येतो. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा, सुधारणा प्रतीवर करा. रंग लालसर पडलेले असतील तर ‘लेव्हल्स’मध्ये लाल, हिरवा, निळा यांची दोन्ही टोकं वेगवेगळी बसवा. एकत्रित पट्टी ओढून ते सुटत नाही.

दाणेदार कागदावर स्कॅनरचा एका बाजूने येणारा दिवा प्रत्येक दाण्याची सावली पाडतो. डीपीआय वाढवला की ती जास्तच दिसते. एक स्कॅन सरळ आणि एक फोटो १८० अंश फिरवून घ्या, गिम्पमध्ये दुसरा परत फिरवून पहिल्यावर लेयर म्हणून बसवा आणि अपारदर्शकता ५० टक्के करा. सावल्या विरुद्ध बाजूंना असल्याने बऱ्याच पुसल्या जातात. नाहीतर कॅमेरा वर बांधून दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे लावून फोटो काढा.

स्कॅनर फाइलला स्कॅनचीच तारीख देतो, ती बदलायला विसरू नका. फक्त वर्ष माहीत असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी टाका आणि ‘तारीख अंदाजे’ असा टॅग लावा, म्हणजे खऱ्या १ जानेवारीच्या फोटोंत गोंधळ होत नाही. दशकच माहीत असेल तर दशकाचं पहिलं वर्ष आणि तोच टॅग.

आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेली नावं, कधी कधी तारीखही तिथेच असते. तिला पुढच्या बाजूचंच नाव देऊन शेवटी ‘मागे’ जोडा, दोन्ही यादीत शेजारी येतात. मागे लिहिलेला मजकूर जसाच्या तसा, शुद्धलेखन न सुधारता, पुढच्या फोटोच्या कॅप्शनमध्ये टंका.